बोर्ड बदलला, तरी संगणक सुरू होईना? फॉरमॅटची घाई नको

जुलै उजाडला की घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगावच्या सेवा केंद्रांवर पीक विम्यासाठी रांगा लागतात. नेमका तेव्हाच विजेच्या कमी-जास्त दाबाने संगणकाचा मदरबोर्ड उडाला, तर हातात सातबारा घेऊन उभ्या शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. जालन्याहून दुसरा बोर्ड आणून बसवावा, तरी संगणक सुरू होत नाही. मग कुणीतरी सांगतं, 'फॉरमॅट मारा.' हा सल्ला लगेच ऐकू नये. बोर्ड बदलल्याने हार्ड डिस्कवरची माहिती जात नाही. फॉरमॅटने ती जाते. आधी संगणक कोणत्या टप्प्यावर अडतो, ते पाहावं.

बटण दाबून काहीच होत नाही

दोष बहुधा जोडणीत असतो. एसएमपीएसमधून (वीजपुरवठ्याच्या डब्यातून) येणारी 24 पिनांची मोठी तार पूर्ण आत बसली आहे का, ते पाहा. कॅबिनेटच्या बटणाची बारीक तार कोणत्या पिनांवर लावायची, हे प्रत्येक बोर्डाचं वेगळं असतं. पुस्तिकेतली आकृती पाहूनच ती लावावी. जुन्या बोर्डाखालचा एखादा जास्तीचा पितळी स्टँड नव्या बोर्डाच्या पाठीला टेकला, तर शॉर्ट होतो.

पंखा फिरतो, डिस्प्ले नाही

प्रोसेसरजवळची 4 किंवा 8 पिनांची वेगळी तार राहून गेली, तर नेमकं हेच होतं. ती तपासून झाल्यावर वीज पूर्ण बंद करा, रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसा आणि एकच रॅम लावून पाहा. प्रोसेसर आणि बोर्डाचं जुळतं का, हेही महत्त्वाचं. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं सॉकेट नावाने एकच, 1151. पण एका जोडीचा प्रोसेसर दुसरीच्या बोर्डावर चालत नाही. जुना बोर्ड विकत घेताना म्हणूनच चिपसेटचं नाव विचारावं.

बोर्डाचं नाव दिसतं, विंडोज येत नाही

इथवर आलात, तर बोर्ड ठीक आहे. बायोसच्या सेटिंगमध्ये हार्ड डिस्कचं नाव दिसतं का, ते पाहा. दिसत असेल, तर अडचण बहुधा सेटिंगची आहे. जुनी विंडोज अनेकदा एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असते, तर नवे बोर्ड यूईएफआय पद्धतीने सुरू होतात. बोर्डात जुन्या पद्धतीने सुरू करण्याचा सीएसएम हा पर्याय असेल, तर सिक्युअर बूट बंद करून तो चालू करावा. निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं आलं, तर साटा मोड जुन्या बोर्डावर होता तोच ठेवून पाहावा. एएचसीआय आणि रेड या मोडच्या अदलाबदलीने ही चूक वारंवार येते.

डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरने 48 अंकी किल्ली मागितली, तर घाबरू नका. नव्या बोर्डावरची सुरक्षा चिप वेगळी असल्यामुळे ती मागितली जाते. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती बहुधा जपलेली असते. किल्ली सापडेपर्यंत डिस्कला हात लावू नका.

सुरू झाला, पण पोर्टल उघडत नाही

आधी तारीख पाहा. बोर्डावरची सीआर2032 बटण-बॅटरी उतरलेली असेल, तर घड्याळ मागे जातं आणि सुरक्षित संकेतस्थळं ब्राउझर उघडू देत नाही. विंडोज परवाना मागत असेल, तर त्याचं कारणही बोर्डच: परवाना बोर्डाशी बांधलेला असतो. विंडोज 10 च्या 1607 आवृत्तीपासून तो मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतो. आधी जोडलेला असेल, तर बोर्ड बदलल्यावर पुन्हा मिळवण्याची सोय आहे. संगणकासोबतच आलेला परवाना मात्र बहुधा दुसऱ्या बोर्डावर चालत नाही.

एवढं करूनही जमलं नाही, तर डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडा आणि शेतकऱ्यांची कागदपत्रं, पावत्या, नोंदी आधी उतरवून घ्या. विंडोज नव्याने टाकायची ती त्यानंतरच. बोर्ड उडतो तेव्हा तो आधी सांगून उडत नाही. म्हणून केंद्रचालकांनी आजच, संगणक चालू असतानाच, माहितीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी, बिटलॉकरची किल्ली वहीत उतरवावी आणि बायोसमधल्या साटा व बूट मोडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.