शोध आकाशातून, पत्ता जमिनीवरून

ऑक्टोबर १९७२ मध्ये अवघ्या तीन दिवसांच्या अंतरानं दोन विमानं डोंगरांत नाहीशी झाली. १३ तारखेला उरुग्वेच्या हवाई दलाचं फेअरचाइल्ड विमान एका रग्बी संघाला चिलीकडे घेऊन जाताना अँडीज पर्वतात हरवलं. त्यात ४५ माणसं होती. १६ तारखेला अलास्कात अँकरेजहून जुनोला निघालेलं सेस्ना ३१० हे छोटं विमान बेपत्ता झालं. त्यातल्या चौघांपैकी एक होते हेल बॉग्ज, अमेरिकी प्रतिनिधिगृहातले बहुमतवाल्या पक्षाचे नेते. दुसरे अलास्काचे प्रतिनिधी निक बेगिच.

अँडीजमधला शोध आठ दिवसांनी थांबवला गेला, तेव्हा बर्फात पडलेल्या विमानाच्या सांगाड्यात माणसं जिवंत होती. शोध थांबल्याची बातमी त्यांनी स्वतःच छोट्या रेडिओवर ऐकली. अलास्कातला शोध ३९ दिवस चालला. सुमारे ३ लाख २५ हजार चौरस मैल, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास पावणेतीनपट प्रदेश पालथा घातला गेला. तरी आजतागायत त्या विमानाचा एक पत्राही हाती लागलेला नाही.

डोंगरातल्या हवाई शोधाची खरी अडचण या दोन घटनांमधून कळते. अलास्कात विमानं, वैमानिक, इंधन, पैसा, सरकारी इच्छा यांपैकी कशाचीच वानवा नव्हती. नव्हतं ते ‘कुठे?’ या एका प्रश्नाचं उत्तर. गेल्या ऐंशी वर्षांत या क्षेत्रात जे काही घडलं, त्याचा गाभा हा आहे: शोधायच्या प्रदेशाचं क्षेत्रफळ कसं कमी करायचं. यंत्रांनी ते खूपच कमी केलं. पण उरलेला शेवटचा तुकडा वारंवार जमिनीवरच्या कुणीतरी भरून दिला आहे, आणि शोधव्यवस्था आखताना नेमका त्याचाच विसर पडतो.

हंपवरून उड्या

डोंगरात पडलेल्या वैमानिकांसाठी वेगळं शोधपथक हवं, ही गरज ठळक झाली ती आपल्याच शेजारी. दुसऱ्या महायुद्धात आसाममधल्या धावपट्ट्यांवरून चीनला रसद पोहोचवणारी अमेरिकी विमानं पूर्व हिमालयाच्या रांगा ओलांडत. वैमानिक त्या रांगांना ‘हंप’ म्हणत. या मार्गावर सुमारे ६०० विमानं गेली. वारा, बर्फ आणि अपुरे नकाशे यांनी शत्रूपेक्षा जास्त बळी घेतले.

२ ऑगस्ट १९४३ रोजी इंजिन बंद पडलेल्या एका सी-४६ विमानातून वीस जणांनी नागा टेकड्यांवर पॅराशूटनं उड्या मारल्या. त्यांत एरिक सेव्हरीड हा रेडिओ वार्ताहर होता. जखमींना बाहेर काढायला रस्ता नव्हता, म्हणून लेफ्टनंट कर्नल डॉन फ्लिकिंजर हे लष्करी डॉक्टर दोन सहायकांसह स्वतःच तिथे पॅराशूटनं उतरले. पुढे मोकोकचुंगचा ब्रिटिश अधिकारी नागा साथीदारांसह पायी पोहोचला आणि सगळ्यांना चालवत बाहेर घेऊन आला. त्याच वर्षी आसाममधल्या चबुआ तळावर कॅप्टन जॉन ‘ब्लॅकी’ पोर्टर यांच्या हाताखाली शोध आणि बचावासाठी खास तुकडी उभी राहिली. विमानानं शोधायचं, वरून औषधं आणि अन्न टाकायचं, आणि बाहेर काढायचं ते स्थानिक माणसांच्या पायवाटेनं, हा त्या काळातला रिवाज होता.

पायवाटेला पर्याय मिळाला आल्प्समध्ये. १९ नोव्हेंबर १९४६ रोजी अमेरिकी लष्कराचं एक डकोटा विमान स्वित्झर्लंडमधल्या गाउली हिमनदीवर आदळलं. वैमानिकाला आपण डोंगरात शिरलो आहोत याचा पत्ताच नव्हता. हिमनदीच्या चढावर विमान घसरत थांबलं, म्हणून बाराही जण वाचले. आपण फ्रान्समध्ये आहोत अशी त्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला शोधही भलतीकडे चालला. त्यांच्या रेडिओचे संदेश स्विस केंद्रांत स्पष्ट ऐकू येत होते, हे लक्षात आल्यावर शोधाची दिशा बदलली. बचाव पथक बर्फ तुडवत पोहोचलं, पण जखमींना खाली आणणं अवघड होतं. तेव्हा २४ नोव्हेंबरला व्हिक्टर हुग आणि पिस्ता हिट्झ या स्विस वैमानिकांनी स्की बसवलेली दोन छोटी श्टोर्ख विमानं थेट हिमनदीवर उतरवली आणि फेऱ्या मारून सगळ्यांना खाली आणलं. पर्वतातल्या हवाई बचावाची सुरुवात म्हणून स्वित्झर्लंडमध्ये आजही हीच घटना सांगितली जाते.

वरून काय दिसतं

विमान हरवलं म्हणजे आकाशातून पंख, शेपूट असलेली आकृती दिसेल, ही आपली कल्पना. डोंगरात आपटलेल्या छोट्या विमानाची आकृती उरतच नाही. शोधणाऱ्यांना शिकवलं जातं ते वेगळंच पाहायला: ओळीनं मोडलेले झाडांचे शेंडे, जळकट डाग, कड्यावरचा ताजा ओरखडा, उन्हात चमकणारा पत्र्याचा तुकडा. बर्फावरचं पांढरं विमान तर जवळजवळ अदृश्य असतं. अँडीजमधल्या माणसांच्या डोक्यावरून विमानं गेली. त्यांना ती दिसली, पण विमानांना ही दिसली नाहीत.

शोधाची सुरुवात होते ठरलेल्या मार्गावरून. विमान जिथून जाणार होतं, त्याच वाटेनं आधी उडायचं, मग दोन्ही बाजूंना पट्टे वाढवत न्यायचे. सपाट प्रदेशात समांतर पट्ट्यांनी नांगरणी करावी तसं उडता येतं. डोंगरात मात्र समोच्च रेषा धरून फिरावं लागतं, आणि तेही वरून खाली: शिखराभोवती एक फेरी, मग काही शे फूट खाली उतरून दुसरी. खालून वर जाण्यात धोका असतो. विरळ हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो आणि अरुंद दरीत वळायला जागा उरत नाही. बंद तोंडाच्या दरीत शिरलेलं शोधविमान स्वतःच दुसरा अपघात ठरू शकतं. दुपारनंतर ढग चढतात, वारा उलटतो, म्हणून कामाचे तास सकाळचेच. खिडकीशी बसलेल्या निरीक्षकाचे डोळेही थकतात; त्याला नजर सरकवत न ठेवता ठिकठिकाणी थांबवत न्यायला शिकवलेलं असतं.

यामागे गणितही आहे. महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी अमेरिकी नौदलात बर्नार्ड कूपमन या गणितज्ञानं शोधाचा सिद्धांत मांडला. समजा, एका दरीत विमान असण्याची शक्यता ७० टक्के आहे आणि असलंच तर एका फेरीत ते दिसण्याची शक्यता ५० टक्के. फेरी झाली, काही दिसलं नाही, तर ती दरी यादीतून खोडायची का? गणित म्हणतं, नाही. तिथे विमान असण्याची शक्यता अजूनही सुमारे ५४ टक्के आहे. पाहिलेली जागा आणि रिकामी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शोधप्रमुखाला रोज स्वतःला बजावावं लागतं. अर्थात हे गणित सुरुवातीच्या माहितीइतकंच चांगलं असतं. अँडीजच्या विमानानं आपण चिलीतल्या कुरिकोवर पोहोचल्याचं कळवलं होतं. प्रत्यक्षात ते पर्वतातच, अर्जेंटिनाच्या हद्दीत पडलं. चुकीच्या जागी कितीही काटेकोर शोधलं तरी हाती काय लागणार?

सह्याद्रीनंही अशी चूक पाहिली आहे. ७ जुलै १९६२ रोजी मुंबईकडे येणारं अलितालियाचं मोठं जेट विमान आपण प्रत्यक्षात आहोत त्यापेक्षा मुंबईच्या जवळ आहोत, या समजुतीनं लवकर खाली उतरू लागलं आणि जुन्नर परिसरातल्या दावंड्या डोंगरावर आदळलं. त्यातले ९४ जण दगावले.

हाक मारणारं यंत्र

मग विमानानंच ओरडून आपला ठावठिकाणा सांगितला तर? आपत्कालीन बीकनची कल्पना जुनी होती. तिला कायद्याचं बळ मिळालं एका कुटुंबाच्या शोकांतिकेनं. मार्च १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्रिनिटी आल्प्समध्ये एक छोटं विमान पडलं. वडील मदत आणायला निघाले ते परतले नाहीत. आई आणि किशोरवयीन मुलगी विमानापाशी जवळपास आठ आठवडे जिवंत होत्या, हे मुलीच्या डायरीवरून कळलं. आणि ती डायरी मिळाली शरद ऋतूत, शिकाऱ्याला अवशेष सापडल्यावर. यानंतर अमेरिकेत छोट्या विमानांवर बीकन सक्तीचा करणारं कलम मंजूर झालं, तेही डिसेंबर १९७० च्या कामगार सुरक्षेच्या कायद्यात. अंमलबजावणीची मुदत पुढची होती. बॉग्ज यांचं विमान त्या मधल्या काळातच हरवलं.

बीकनची रचना साधी आहे. जोराचा धक्का बसला की आतला स्विच चालू होतो आणि रेडिओ संकेत सुटू लागतो. सुरुवातीचे बीकन १२१.५ मेगाहर्ट्झवर बोलत, आणि जवळून जाणाऱ्या विमानानं ते ऐकलं तरच उपयोग. मग शीतयुद्धाच्या ऐन भरात सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांनी एकत्र येऊन कॉस्पास-सारसॅट ही उपग्रहयंत्रणा उभारली. जवळ येताना आणि दूर जाताना रेल्वेच्या शिटीचा स्वर बदलतो, तसाच डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला बीकनचा स्वर बदललेला ऐकू येतो. त्या फरकावरून जागा काढता येते. पहिला सोव्हिएत उपग्रह जून १९८२ च्या अखेरीस सुटला आणि सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरात पडलेल्या छोट्या विमानातले तिघे वाचले. ते विमान दुसरं एक बेपत्ता विमान शोधायला निघालं होतं.

जुन्या लहरीवर खोट्या इशाऱ्यांचा सुळसुळाट होता. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणं बंद केलं. आता ४०६ मेगाहर्ट्झचे बीकन आपली ओळखही पाठवतात, त्यामुळे नियंत्रण कक्षातून आधी मालकाला फोन जातो. जीपीएस जोडलेला असेल तर जागा काही शे मीटरच्या आत कळते. भारतात इस्रोची केंद्रं बंगळुरू आणि लखनौला हे संकेत झेलतात.

तरी यंत्र मुकं राहतं. ९ ऑगस्ट २०१० रोजी अलास्काचे माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स ज्या विमानात मारले गेले, त्यात नवा ४०६ बीकन होता. धडकेत तो आपल्या चौकटीतून निसटला, अँटेनाशी त्याची जोडणी तुटली आणि संकेत बाहेर पडलाच नाही. विमान पोहोचायला हवं होतं त्या कॅम्पवर संध्याकाळी चौकशीचा फोन गेला, तेव्हा ते हरवल्याचं उघड झालं. आसपासच्या वैमानिकांनी आपापली विमानं काढून काही वेळातच अवशेष शोधले. नऊपैकी चौघे वाचले. तो फोन झाला नसता तर?

स्टीव्ह फॉसेटच्या बाबतीत असा फोन करायला जागाच नव्हती. फुग्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा माणूस ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातल्या एका रँचवरून फ्लाइट प्लॅन न देता उडाला. सिव्हिल एअर पेट्रोल या अमेरिकी संघटनेच्या स्वयंसेवकांनी हजारो चौरस मैल धुंडाळले, घरबसल्या हजारो लोकांनी उपग्रहचित्रं तपासली. जुने, नोंद नसलेले अवशेष सापडले. फॉसेटचं विमान नाही. वर्षभरानं कॅलिफोर्नियात मॅमथ लेक्सजवळ डोंगर चढणाऱ्या एकाला त्याची ओळखपत्रं मिळाली आणि दोन दिवसांत अवशेष सापडले.

आपला हिमालय

३ जून २०१९ रोजी जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ विमान १३ जणांसह नाहीसं झालं. सुखोई, सी-१३०, नौदलाचं पी-८आय, इस्रोचे उपग्रह असा सगळा लवाजमा कामाला लागला. माहिती देणाऱ्याला पाच लाखांचं बक्षीस जाहीर झालं. सियांगच्या खोऱ्यांत ढग हटत नव्हते आणि जंगल इतकं दाट, की रडारलाही खालचं नीट उमगत नाही. आठव्या दिवशी, ११ जूनला, एमआय-१७ हेलिकॉप्टरला लिपोच्या उत्तरेला सुमारे १२,००० फुटांवर अवशेष दिसले. पुढचं काम गिर्यारोहकांचं होतं. त्यांत त्या डोंगरांत वाढलेली स्थानिक माणसं होती. मृतदेह खाली आणायला आणखी नऊ दिवस लागले.

२९ मे २०२२ ला नेपाळमध्ये पोखराहून जोमसोमला जाणारं तारा एअरचं ट्विन ऑटर विमान २२ जणांसह हरवलं. त्यात ठाण्याचं एक कुटुंब होतं. काली गंडकीच्या खोऱ्यात ढग होते. वैमानिकाच्या मोबाइलच्या ठिकाणावरून नेपाळ टेलिकॉमनं शोधाचा परिसर आवळून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुस्तांगमधल्या सानोस्वारे इथे, सुमारे १४,५०० फुटांवर, अवशेष मिळाले. कोणीही वाचलं नव्हतं. विमानशोधासाठी न बनलेलं एक यंत्र इथे विमानशोधाला उपयोगी पडलं.

काही शोध पिढ्या ओलांडतात. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहला निघालेलं एएन-१२ विमान १०२ जणांसह हिमाचलात बेपत्ता झालं. २००३ मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या चमूला ढाका हिमनदीवर त्याचे अवशेष आढळले. हिमनदी थोडंथोडं परत देत राहिली. २०२४ मध्येही चार जवानांचे मृतदेह मिळाले.

उड्डाणाआधीचा शोध

भारतात शोधकार्याची सूत्रं भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या समन्वय केंद्रांकडे असतात. मुंबईतही असं केंद्र आहे. अपेक्षित संपर्क अर्धा तास झाला नाही की अनिश्चिततेची पायरी, मग सावधानतेची, मग आपत्तीची. कागदावर ही साखळी चोख आहे. पण तिची पहिली कडी ‘अपेक्षित’ या शब्दात अडकली आहे: कुणीतरी, कुठेतरी त्या विमानाची वाट पाहत असायला हवं. केदारनाथच्या हेलिकॉप्टर फेऱ्या आणि ईशान्येतली छोटी विमानसेवा वाढत असताना हे लक्षात ठेवायला हवं.

वरच्या सगळ्या घटनांतून निघणारा निष्कर्ष महागड्या उपकरणांच्या जाहिरातीत बसणारा नाही. शोधाचं यश बरंचसं विमान उडण्याआधी ठरतं. बीकन बसवलेला असणं पुरत नाही, धडकेनंतर तो टिकेल असा बसवलेला आणि तपासलेला हवा. कुठून कुठे, कोणत्या दरीतून जाणार, हे जमिनीवर एका माणसाला तरी माहीत हवं. आणि प्रत्येक खोऱ्यात कोण मेंढ्या चारतो, कोण यार्सागुंबा ही औषधी बुरशी गोळा करायला चढतो, कोणत्या गावातली मुलं कडे जाणतात, याची यादी जिल्हा प्रशासनाकडे अपघाताआधीच तयार हवी. बक्षीस जाहीर करून ती आठव्या दिवशी जमवण्यात अर्थ नाही.

अँडीजमधल्या १६ जणांची सुटका विमानांच्या शोधानं झाली नाही. नांदो पार्रादो आणि रोबेर्तो कानेसा दहा दिवस चालत राहिले, आणि नदीपलीकडे त्यांना सेर्हिओ कातालान हा गुरं राखणारा भेटला. हेलिकॉप्टरं आली ती त्यानं चौकीवर नेलेल्या चिठ्ठीमुळे. कोणत्याही शोधयंत्रणेची परीक्षा करायची तर विचारायचा प्रश्न एकच: अशी चिठ्ठी घेऊन येणारा माणूस तिच्या आराखड्यात आधीपासून आहे, की तो योगायोगानं भेटेल या भरवशावर सगळं चाललं आहे?