सात दिवसांत उतरलेले वजन

लग्नसराई तोंडावर आली की सोलापुरातील आमच्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, आठवड्यात चार किलो उतरतील ना?" मुलाच्या लग्नापूर्वी बारीक दिसावे म्हणून मधुमेहाच्या एका पन्नाशीच्या रुग्णेने सात दिवसांचा 'जी. एम. डाएट' परस्पर सुरू केला. जनरल मोटर्स कंपनीच्या नावावर खपणारा, परंतु त्या कंपनीने तो आखल्याचा पुरावा नसलेला हा आहारक्रम. पहिल्या दिवशी केवळ फळे, दुसऱ्या दिवशी केवळ भाज्या. दुसऱ्याच सायंकाळी घामाने डबडबलेल्या, कंप सुटलेल्या अवस्थेत तिला आमच्याकडे आणले गेले. जेवण थांबले होते, मधुमेहाची गोळी मात्र नियमाने चालू होती. वेळीच साखर दिल्याने निभावले. सावध होताच तिने सांगितले, "पण दीड किलो उतरले!"

ते दीड किलो कशाचे होते? यकृत व मांसपेशींत चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठलेले असते व त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी. खाणे तोडताच आधी हा साठा रिता होतो. जेवण पूर्ववत होताच तो भरतो आणि काटा मूळपदावर येतो. एक किलो मेदात सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज हजार कॅलरी कमी घेतल्या, तरी आठवड्यात किलोभरही मेद झडत नाही. २०१८-१९च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित व ऋजुता दिवेकर यांच्या आहारपद्धतींवरून घरोघरी वाद रंगले. त्या दोन्ही निदान कायम पाळण्यासाठी सांगितलेल्या आहेत, सात दिवसांसाठी नव्हेत.

चरकसंहितेच्या अष्टौनिंदितीय अध्यायात याचे मर्म आहे. मेदाने मार्ग अडलेला वायू कोष्ठात संचरून अग्नी प्रदीप्त करतो. म्हणून स्थूल मनुष्याला अन्न लवकर पचते, पुनःपुन्हा हवेसे वाटते, आणि जेवणाची वेळ टळली तर घोर विकार जडतात. यास्तव उपाय सांगितला तो गुरू परंतु अपतर्पण करणाऱ्या आहाराचा : पचण्यास वेळ लावील, पण मेद वाढविणार नाही असा. त्या यादीत जव, मूग, कुळीथ व तूर आहेत. आणि 'जूर्णाह्व' आहे, ज्याचा अर्थ ज्वारी असा केला जातो. २०१६ साली जिच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले ती मंगळवेढ्याची भूमी आमच्याच जिल्ह्यातली. आणि येथील रुग्ण वजन उतरविण्यासाठी सर्वांत आधी काय सोडतो, तर भाकरी!

दोष केवळ रुग्णांचा नाही. 'महिन्यात दहा किलो' अशा पाट्या आपल्याही काही व्यवसायबंधूंच्या दारावर आहेत. विरेचनानंतर काट्यावर दिसणारी घट मेदक्षय म्हणून दाखविणे आणि सात दिवसांचा डाएट विकणे, यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाही. शोधनाचे प्रयोजन निराळे आहे, हे आपण महाविद्यालयात शिकलो आहोत.

त्या रुग्णेच्या गोळीची मात्रा तिच्या मधुमेहतज्ज्ञांकडून ठरवून घेतली आणि मगच आहार लिहून दिला. दोन वेळा ठरल्या घटकेला ज्वारीची भाकरी, कुळथाचे कढण वा मुगाचे वरण, पडवळाची भाजी. सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी चालणे. सहा महिन्यांत चार किलो उतरले. लग्न तोवर होऊन गेले होते, याची चुटपुट तिला अजून आहे.