नाव जपानचं, वेल्डिंग जालन्याचं

बँजो पार्टी असो, ऑर्केस्ट्रा असो की चर्चमधलं गायनपथक, नवा ड्रम सेट घ्यायचं ठरलं की पहिली वादावादी कंपनीवरून होते. एकाला पर्लच हवा असतो, दुसरा यामाहाशिवाय बोलत नाही, आणि तिसऱ्याच्या मावसभावाकडे टामा असतो, जो म्हणे कधी बिघडतच नाही. यात एक गोष्ट राहून जाते. ज्या चाचण्या ऐकून आपण मतं बनवतो, त्या वातानुकूलित स्टुडिओत घेतलेल्या असतात. बदनापूरचा सेट मात्र पिकअपच्या हौद्यात पडून रात्री अंबडला आणि सकाळी भोकरदनला जातो, नवरात्रात सोमठाण्याच्या यात्रेची धूळ खातो आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत भाजून निघतो. म्हणून हा आढावा त्याच्या हिशेबानं. माझं मत आधीच सांगून टाकतो: आवाजासाठी आपण कंपनीच्या नावाला फार किंमत देतो आणि टिकाऊपणासाठी लोखंडाकडे फार कमी बघतो.

आधी आवाज. ढोलकीवाला खोड पारखून घेतो, कारण तिथं एकसंध लाकूड असतं. ड्रमचं खोड पातळ थर एकमेकांवर चिकटवून गोल वळवलेलं असतं. मेपलचा आवाज उबदार आणि लांबणारा, बर्चचा आखूड आणि टोकदार, पॉप्लर-बासवूडचा मधला. एवढा फरक खरा आहे आणि शांत खोलीत तो ऐकूही येतो. पण मिरवणुकीत? बँजो पार्टीतलं सगळ्यात कडक वाजणारं वाद्य म्हणजे रोटो. रोटोला खोडच नसतं. धातूच्या चौकटीवर ताणलेलं पान, चौकट फिरवली की सूर चढतो-उतरतो, संपलं. लाकडाचा तुकडाही नसलेलं वाद्य अख्खी गल्ली हलवतं, तिथं मेपल की बर्च हा वाद कितीसा उरतो?

उरतं ते पान, खोडाची कड आणि सूर लावणारा हात. जुन्या ड्रमवर वासराचं कातडं असे. ते पावसाळ्यात सैल पडायचं आणि उन्हाळ्यात ताठायचं. हलगीवाला आजही जाळावर हलगी शेकतो ती याच कारणानं. 1957 मध्ये अमेरिकेत रेमो बेली यांनी मायलर या प्लॅस्टिकच्या पानांची कंपनी काढली आणि हवामानाची कटकट संपली. मात्र मायलरही मरतं. मध्यभागी खळगे पडले, वरचा पांढरा लेप उडाला, की पानाचा जीव गेला म्हणून समजावं. आपल्याकडे पान फाटेपर्यंत वाजवायची रीत आहे, आणि मग सेट 'थप्प थप्प' वाजतो म्हणून दोष कंपनीला. खालचं पान तर कुणी बदलतच नाही. स्वस्तातल्या तैवानी सेटवर नवी पानं चढवून प्रत्येक चावी सारखी ताणली, तर तो मेलेल्या पानांच्या महागड्या सेटला सहज मागे टाकतो. पान काढलंच आहे तर खोडाची कड सपाट फरशीवर टेकवून बघा. खालून उजेड दिसला तर कड वाकडी आहे, आणि तो ड्रम कधीच नीट सुरात लागणार नाही, मग त्यावर नाव कुणाचंही असो.

आता कंपन्या. पर्लची सुरुवात 1946 मध्ये टोकियोत झाली. कात्सुमी यानागिसावा आधी नोटेशनचे स्टँड बनवत, 1950 पासून ड्रम. 1982 मध्ये त्यांनी 'एक्सपोर्ट' बाजारात आणला आणि साध्या वादकाच्या खिशाला परवडेल असा पुरा सेट जगाला मिळाला. दहा लाखांवर सेट खपले. सध्याच्या एक्सपोर्टचं खोड पॉप्लर आणि एशियन महोगनीचं, सहा थरांचं, साडेसात मिलिमीटर जाड. आवाज भरीव, किंचित बोथट. खरा फायदा हा की एवढा खप झाल्यामुळे सुटे भाग आणि जुने सेट दोन्ही मिळतात. दोष वरच्या प्लॅस्टिकच्या वेष्टणाचा: उन्हानं गोंद सुटला की ते जोडापाशी उचललं जातं. आवाजाला त्याचा फारसा धक्का नसतो, पण फोटोत दिसतं.

यामाहानं 1967 मध्ये ड्रम काढले आणि सत्तरच्या दशकातल्या 'रेकॉर्डिंग कस्टम'नं बर्चला स्टुडिओत मानाचं पान मिळवून दिलं. त्याचा परवडणारा भाऊ 'स्टेज कस्टम' आजही सहा थर बर्चचा असतो. माइक लावून वाजवायचं असेल तर मी डोळे झाकून हाच घेईन. आखूड, स्वच्छ आवाज येतो, साउंडवाल्याला कमी घाम गाळावा लागतो. वेष्टणाऐवजी लॅकर असल्यानं काही उचकटत नाही; ओरखडे मात्र पडतात, तेव्हा गोणपाटात नव्हे, कव्हरमध्ये न्या.

टामाची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. होशिनो ही कंपनी 1908 मध्ये नागोया शहरात सुरू झाली. 1974 पासून तिच्या ड्रमवर टामा हे नाव आलं. याच नागोयात 1912 मध्ये गोरो मोरिता यांनी टायपरायटरसारख्या कळांचं 'ताइशोगोतो' हे तंतुवाद्य बनवलं. तेच पुढे हिंदुस्थानात बुलबुलतरंग झालं आणि आपण त्याला बँजो म्हणू लागलो. म्हणजे बँजो पार्टीचा बँजो आणि टामाचा ड्रम एकाच गावचे. टामाची ताकद खोडापेक्षा लोखंडात आहे: जाड पायांचे दुहेरी पट्ट्यांचे स्टँड, आयर्न कोब्रा पेडल. उचलणारा शिव्या देतो, पण हे स्टँड डुलत नाहीत.

बाकीच्यांचं थोडक्यात. तैवानच्या केएचएसचा मॅपेक्स (1989) पैशाच्या मानानं चांगला. जर्मनीचा सोनॉर 1875 पासूनचा, अमेरिकेचा डीडब्ल्यू 1972 चा, जो 2022 मध्ये रोलँडनं विकत घेतला. दोन्ही उत्तम, दोन्ही आपल्या खिशाबाहेर. शिकागोच्या लडविगचं (1909) नाव फेब्रुवारी 1964 मध्ये बीटल्सच्या रिंगो स्टारनं अमेरिकी टीव्हीवरून घराघरात नेलं. पण त्यांच्या प्रसिद्ध ॲल्युमिनियमच्या स्नेअरवर क्रोमला पुटकुळ्या येतात, हेही तितकंच प्रसिद्ध आहे. लग्नाच्या ब्रास बँडसाठी साइड ड्रम आणि मोठा ढोल लागतो, त्याला मेरठच्या जली कोठीचा माल पुरेसा आहे.

खरं मरण लोखंडाचं. पेडलचा पट्टा तुटतो, हाय-हॅटचा क्लच घसरतो, टॉमचा हात खाली येतो. जालन्यात लोखंडाला काय तोटा, पोलादाच्या गिरण्यांचं गाव ते. वेल्डिंग दहा मिनिटांत होतं. पण दोन गोष्टी सांभाळा. ड्रमच्या चाव्यांचे रॉड साधारण साडेपाच मिलिमीटरचे आणि वेगळ्या आट्यांचे असतात. हरवलेल्या रॉडच्या जागी दुकानातला सहा एमएमचा बोल्ट पिळून बसवला, की लगचे आटे कायमचे गेले. दुसरी गोष्ट सिंबलची. स्टँडच्या दांड्यावर एक नायलॉनची नळी असते. ती रस्त्यात कुठं तरी पडते, मग लोखंड थेट सिंबलच्या भोकावर घासतं, भोक लांबट होतं आणि तिथूनच चीर निघते. पेट्रोलच्या नळीचा बोटभर तुकडा कापून घातला तरी काम भागतं.

सेटबरोबर फुकट येणारे पितळी सिंबल बाजूला ठेवा. चांगला सिंबल काशाचा, शंभरात ऐंशी भाग तांबं आणि वीस भाग कथील. ज्यानं काशाचा टाळ हातात धरलाय, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आणि ऑक्टोपॅड? अनेक छोट्या ऑर्केस्ट्रांनी ड्रम सेट केव्हाच माळ्यावर टाकला. रोलँडच्या एसपीडी-20 वर आठ पॅड, सातशे आवाज, आणि सगळं एका बॅगेत. त्यापुढचा एसपीडी-30 हाताला जास्त हलका प्रतिसाद देतो, पण त्यात आपण रेकॉर्ड केलेली हलगी भरता येत नाही. ती हौस असेल तर रोलँडचा एसपीडी-एसएक्स किंवा बारा पॅडचा यामाहा डीटीएक्स-मल्टी 12 बघावा. पॅडचं रबर वर्षानुवर्षं टिकतं. दगा देतो तो जनरेटरचा चढउताराचा करंट आणि ढिला अडॅप्टर. करंटसाठी स्टॅबिलायझर आणि घट्ट बसणारा अडॅप्टर, या दोन्हींचा बंदोबस्त केल्याशिवाय पॅड घेऊ नये.

माझा कौल असा. माइकवर वाजवणाऱ्यांनी स्टेज कस्टम घ्यावा, रोज गाडीत टाकणाऱ्यांनी जुना पण कड सरळ असलेला एक्सपोर्ट आणि त्याखाली टामाचे स्टँड. वाचलेले पैसे पानं आणि एका काशाच्या क्रॅशवर घालावेत. तुळशीची लग्नं लागली की सुपाऱ्या सुरू होतात, तेव्हा पानं आणायला दिवाळीतच शहरात चक्कर मारा, आणि खालची पानं विसरू नका.