घरचा खेळाडू, निव्वळ नफा

शांती नगरात रात्र जागवून इंग्लिश प्रीमियर लीग पाहणाऱ्या रसिकांस, क्लब आपल्याच अकादमीत वाढलेली मुले का विकतात, हे कोडे पडते. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर विभागून खर्ची पडते. घरच्या खेळाडूच्या नावे मात्र खतावणीत बहुधा काहीच रक्कम नसल्याने, त्याच्या विक्रीचे जवळजवळ सारे पैसे त्याच वर्षी नफा म्हणून जमा होतात, आणि २०२५-२६ च्या हंगामापर्यंत तीन वर्षांत सामान्यतः १०.५ कोटी पौंडांची तोट्याची मर्यादा सांभाळणाऱ्या खजिनदारास तोच सौदा (निष्ठेची किंमत हिशेबात धरत नाहीत!) सोयीचा वाटत असे. आठव्या वर्षापासून नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये वाढलेल्या ब्रेनन जॉन्सनला त्या क्लबाने अधिक किमतीच्या आशेने हिशेबवर्षाची ३० जूनची मुदत टळल्यावर, सप्टेंबर २०२३ मध्ये, टॉटनहॅमला विकले. विलंबाची कैफियत नामंजूर होऊन तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल मार्च २०२४ मध्ये क्लबाचे ४ गुण कापले गेले.