ट्रकचे ब्रेक घाटात का हरतात?

बहरीनमध्ये गाडी चालवणाऱ्याला उताराची सवय राहत नाही. इथला सर्वांत उंच डोंगर, जबल अद-दुखान, जेमतेम १३० मीटरचा. सौदीहून येणारे ट्रकही किंग फाहद कॉजवेवरून २५ किलोमीटर जवळजवळ सपाटच येतात. पण सुट्टीत भारतात गेलात आणि पुण्याहून मुंबईकडे निघालात, की खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर खाली उतरतो. तिथे तुमच्या मागे ४० टनांचा कंटेनर असू शकतो.

२६ जुलै २०२५ रोजी याच उतारावर, आडोशी बोगद्याजवळ, ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर वीसेक गाड्यांना धडकला. त्यात एका महिलेचा जीव गेला. अशा बातमीत ‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द ठरलेले असतात. ते वाचून वाटते, काहीतरी अचानक तुटले असावे. पुष्कळदा तुटलेले काहीच नसते. ब्रेक तापलेले असतात.

थोडा हिशेब करून पाहू. ब्रेकचे काम म्हणजे गाडीच्या ऊर्जेची उष्णता करणे. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारा ४० टनी ट्रक थांबवायला सुमारे १० मेगाज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. हाच ट्रक ५०० मीटर खाली उतरतो तेव्हा सुमारे २०० मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे ८०च्या वेगावरून पूर्ण थांबण्याची क्रिया लागोपाठ वीस वेळा! एवढ्या उष्णतेत ६०० लिटर पाणी उकळीला येईल. हवेचा आणि चाकांचा विरोध यातला काही भाग उचलतो, पण उरलेला कोणीतरी पचवायलाच हवा.

तो सगळा ब्रेकवर टाकला तर ड्रम तापून प्रसरण पावतो आणि आतल्या लायनिंगपासून दूर सरकतो. तापलेल्या लायनिंगचे घर्षणही कमी होते. चालक पेडल आणखी दाबतो, पण ट्रक दाद देत नाही. दहा टन जादा माल भरला असेल, तर ही उष्णता पाव पटीने वाढते.

उपाय जुनाच आहे: घाट सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकायचा आणि वेग कमी ठेवायचा. मग बराचसा भार इंजिन उचलते. डिझेल वाचेल म्हणून काही चालक उतारावर न्यूट्रल करतात, ते मात्र घातक. शिवाय आधुनिक डिझेल इंजिनात गिअर असताना अॅक्सिलरेटर सोडला, की इंधन जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये ते जळत राहते. इंजिनच बंद केले तर एअर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो.

सगळा दोष चालकावर टाकूनही भागत नाही. २०१६ साली या एक्स्प्रेसवेवर १५१ माणसे दगावली. सेव्हलाइफ फाउंडेशन, एमएसआरडीसी, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा यांनी मिळून ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ उपक्रम राबवला. धोक्याच्या जागा शोधून त्या दुरुस्त केल्या, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रककडे लक्ष दिले. पुढच्या वर्षांत मृत्यू घटले. रस्ता सुधारला की माणसे वाचतात, हे आपल्याच मातीत दिसले आहे.

आणि तुमचा वाटा? घाटात ट्रकच्या पुढे दिसणारी मोकळी जागा रिकामी नसते. ती त्याची थांबायची जागा असते. तिथे तुम्ही गाडी घुसवलीत, की त्याला ब्रेक दाबावा लागतो. असे दहा गाड्यांनी केले, तर खोपोली येईपर्यंत त्याचे ब्रेक संपलेले असू शकतात, आणि त्याची किंमत तिसराच कोणी मोजतो. म्हणून ट्रकपुढे अंतर ठेवा, त्याच्यासमोर एकदम वेग कमी करू नका. जळल्याचा वास आला, चाकांतून धूर दिसला किंवा मागचा ट्रक सलग हॉर्न देत असला, तर चिडू नका. सुरक्षितपणे बाजूला होऊन त्याला वाट द्या.