चूक नेमकी कुठे झाली?

कणकवलीहून मालवणला जाणारी एसटी मुंबई-गोवा महामार्ग सोडते ती कसालच्या तिठ्यावर. तिथे वळायचे राहिले तर गाडी सरळ ओरोस-कुडाळकडे जाते. उतारूला चूक कळते ती कुडाळात उतरल्यावर. घडलेली मात्र असते कसालला. संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच आहे. चुकीचे उत्तर शेवटी दिसते, मूळ दोष मागे कुठेतरी असतो. त्या तिठ्यापर्यंत आपल्याला परत नेणारे साधन म्हणजे डीबगर, आपल्या भाषेत दोषशोधक.

आज हॅस्केल या भाषेतला दोषशोधक पाहू. ही भाषा १९९० साली पुढे आली; तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव तिला दिले आहे. तिच्यात ‘आधी हे कर, मग ते कर’ असे सांगायचे नसते. बीजगणितासारखी सूत्रे, म्हणजे फलने, मांडायची असतात. शिवाय ही भाषा आळशी आहे बरं का! पाहुणा पानावर बसल्याशिवाय आपण घावणे काढत नाही ना? तशी ती एखादी किंमत कुणी मागेपर्यंत काढतच नाही. त्यामुळे लिहिण्याचा क्रम एक आणि कामाचा क्रम दुसरा. ओळीमागून ओळ वाचून चूक सापडेलच असे नाही.

समजा, एका गुरुजींनी मुलांच्या हजेरीचे सूत्र लिहिले : हजर दिवस गुणिले १००, भागिले शाळेचे दिवस. बारा महिन्यांचे टक्के काढायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. आज्ञावली चालवली, तर उत्तर येण्याऐवजी ‘शून्याने भागाकार’ एवढाच निरोप आला. पण शून्य आले कुठून?

इथे जीएचसीआय हा हॅस्केलचा संवादी दुभाषा कामाला येतो. त्यात दोषशोधक आला २००७ साली. चित्रे नाहीत, बटणे नाहीत; ओळीवर आज्ञा टंकायची. प्रत्येक आज्ञेआधी अपूर्णविराम. ‘ब्रेक’ म्हणून फलनाचे नाव दिले की तिथे थांबा लागतो. ‘स्टेप’ एक पाऊल पुढे नेते. ‘कंटिन्यू’ म्हटले की गाडी पुढच्या थांब्यापर्यंत जाते. ‘प्रिंट’ किंमत दाखवते, पण अजून न काढलेली किंमत तशीच ठेवते, तिच्या जागी नुसते एक खूणनाव दिसते. ती काढायलाच लावायची असेल, तर ‘फोर्स’.

मात्र थांबा कुठे लावावा हेच ठाऊक नसेल तर? तेव्हा आधी अपवाद घडताच थांबण्याची सोय चालू करावी आणि आज्ञावली ‘ट्रेस’ने चालवावी. मग भागाकार अडताच ती थांबते. ‘हिस्टरी’ मागची पावले दाखवते. एरवी शेवटची ५० पावले जपलेली असतात. ‘बॅक’ने एक-दोन पावले मागे गेले की टक्क्यांचे सूत्र समोर येते. शाळेचे दिवस विचारावेत. उत्तर येते, ०. तो मे महिना! सुट्टीत शाळा भरलीच नव्हती.

आता एक सोपी पळवाट दिसते : शून्याच्या जागी १ लिहावा. आज्ञावली मुकाट्याने चालेल. पण अकरा महिने ९० टक्के हजर असलेल्या मुलाच्या खात्यात मे महिन्याचे ० टक्के पडतील आणि त्याची सरासरी साडेब्याऐंशीवर येईल. हजेरीची अट ८५ टक्के असेल, तर ते पोर काही दोष नसताना यादीतून बाहेर! अडून बसलेली आज्ञावली परवडली, खोटे उत्तर देणारी नाही. योग्य उपाय असा की, ज्या महिन्यात शाळेचे दिवस शून्य, तो हिशेबातून वगळावा आणि उरलेल्या अकरांनीच भागावे. सरासरी बरोबर ९० येते.

शिक्षकमित्रहो, मुलाचे गणित चुकले की आपण नुसते उत्तर खोडत नाही. कुठल्या पायरीवर चुकले ते त्याच्याशेजारी बसून पाहतो. दोषशोधक तेच करतो. फक्त, कुठली पायरी तपासायची आणि समोर आलेल्या शून्याचा अर्थ काय, हे आपणच ठरवायचे असते.