सी ऑटरचा दिवस

पहाटे 4.30. सायकल रात्रीच गाडीच्या रॅकवर चढवून ठेवलेली असते, आता फक्त पोटाचं बघायचं. मऊ भात, दही, चवीपुरतं मीठ. शर्यतीआधी तीन-चार तास जेवण झालं की चढावर पोट त्रास देत नाही. म्हणून भूक नसली तरी बसून नीट खाते.

5.15. सॅन होजेहून 101 ने दक्षिणेला. गिलरॉयच्या आसपास लसणाचा वास, सलिनासजवळ दुतर्फा भाजीपाल्याची शेतं, मग 68 वर वळलं की लगुना सेका. 1957 मध्ये मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला हा ट्रॅक सी ऑटर क्लासिकच्या दिवसांत सायकलवाल्यांचा असतो. 1991 मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा एप्रिलमध्ये भरते. आमच्या हंगामाची खरी सुरुवात इथूनच.

6.45. समुद्रावरून आलेलं धुकं अजून टेकड्यांवरच आहे. नंबराची पाटी हँडलबारला बांधली. आता टायर. घरून थोडी जास्त हवा भरून आणते आणि इथली जमीन पायाने चाचपून मग ती सोडते. इथे पावसाळा हिवाळ्यात असतो. मार्चमध्ये पाऊस झाला असेल तर वाळू दबून घट्ट बसते, नाहीतर एप्रिलमध्येच सुटी होते. आज वरचा थर बुटाखाली सरकतोय. पुढच्या चाकात 18 आणि मागच्यात 20 पीएसआय ठेवते. ट्यूबलेस टायर असल्यामुळे एवढी कमी हवा चालते. माझ्या वजनाला हे पुरतं, भारी माणसाला जास्त लागेल. इतक्या हवेत टायर जमिनीवर पसरतो, वाळूत रुतत नाही. गेजवर एका पीएसआयचा फरक दिसतही नाही, पण वळणावर तो लगेच कळतो.

7.45. पार्किंगच्या कडेने वॉर्मअप. मध्येच तीनदा मिनिटभर जोर लावायचा, दम भरून आला की सोडायचं. हिवाळाभर सगळ्यांनी लांब, संथ राइड्स केलेल्या असतात. पायांत मैल असतात, पण शर्यतीचा वेग अंगात मुरलेला नसतो. ज्यांना हे कळत नाही त्या पहिल्या दहा मिनिटांत सुसाट जातात.

8.40. वयोगटांप्रमाणे काही मिनिटांच्या अंतराने एकेक घोळका सुटतो. सुरुवात गुळगुळीत डांबरावर, त्यामुळे वेग भलताच वाढतो. मी मुद्दाम मध्यावर राहते. पुढच्यांच्या आडोशाने वारा चुकवायचा आणि माती सुरू होण्याआधी चार-पाच जागा वर सरकायचं, कारण अरुंद वाटेवर पुढे काढणं महाग पडतं.

9.05. फोर्ट ऑर्ड. 1917 पासून इथे अमेरिकी लष्कराचा सराव चालायचा. तळ 1994 मध्ये बंद झाला आणि 2012 मध्ये या टेकड्या राष्ट्रीय स्मारक म्हणून राखल्या गेल्या. न फुटलेल्या दारूगोळ्याच्या धोक्याच्या पाट्या अजूनही दिसतात. ठरलेली वाट सोडायची नाही, हा नियम इथे अक्षरशः जीव वाचवणारा आहे.

आणि वाळू. तिच्यात ब्रेक दाबला की पुढचं चाक आडवं झालंच. एक गिअर जड करायचा, वजन थोडं मागे घ्यायचं, हँडल सैल धरायचं आणि पायडल थांबू द्यायचं नाही. चाक थोडं भरकटतं, त्याला भरकटू द्यावं. मला हा भाग मनापासून आवडतो, कारण इथे ताकदीपेक्षा हात शांत ठेवण्याला किंमत आहे.

9.45. ओकच्या झाडांखालची एकेरी वाट. मागून ‘ऑन युअर लेफ्ट’ ऐकू आलं की जागा बघून बाजू द्यायची. कडेला पॉयझन ओकची तांबूस, तकतकीत, तीन-तीनची पानं. त्यांचं तेल लागलं की अंगावर फोड येतात, म्हणून कोपर आत. सपाटी आली की बाटलीतला घोट आणि अर्धं जेल.

10.20. शेवटची चढण. दरीतून ट्रॅककडे चढताना धुकं विरलेलं असतं, ऊन थेट पाठीवर. सुरुवातीला सुसाट गेलेल्या आता एकेक करून दिसू लागतात. मी बसूनच चढते. उभं राहिलं की मागचं चाक वाळूत फिरतं. वळणावर लेक उभी आहे. ‘‘आई, पुढच्या दोघी थकल्यात, जा तू!’’ एकीला गाठते, दुसरी हाती लागत नाही.

10.50. रेषा ओलांडली. श्वास जागेवर आला की आधी त्या दुसरीला शोधून हात मिळवते. चढणीवर तिने एकदाही मागे पाहिलं नव्हतं.

दुपारी स्टॉल पाहणं, जेवण, परतीचा रस्ता.

5.00. घरी. सायकल, बूट, हातमोजे साबणाने धुते. पॉयझन ओकचं तेल कपड्यांवर बरेच दिवस टिकतं. साखळी पुसून तेल घालते. वहीत नोंद: हवा 18/20, मधला चढ संथ, शेवटचा चांगला. मे महिन्यापर्यंत मधल्या चढावर काम करायचं.

बे एरियात सायकल चालवणाऱ्या मराठी बायका भरपूर आहेत, सुरुवातीच्या रेषेवर मात्र फार कमी दिसतात. नवशिक्यांसाठी कॅटेगरी 3 असते. पुढच्या एप्रिलसाठी तिच्यात नाव घाला, आणि हवा भरण्याआधी तिथली वाळू पाहून घ्या.